बहिणीच्या घरावरून गेलेली रेघ

रविवारी दुपारची जेवणं उरकली की खालच्या मजल्यावर पट मांडला जायचा आणि शिवणकाम करणाऱ्या आत्याला जिन्यातून हाक यायची. हा शहर वसवण्याचा खेळ आत्याच्या भावाच्या सुनेने आणला होता. घरातली माणसं एका टेबलाशी बसून कधीतरी हसावीत, एवढीच त्या बिचारीची अपेक्षा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सगळ्या कुटुंबाने मिळून शहर उभारा.' ते वाचलं तेव्हाच आत्याच्या कपाळाला आठी पडली होती. या कुटुंबाने शहर उभारलेलं तिला तरी आठवत नव्हतं. तिचं घर पाडलेलं मात्र चांगलं आठवत होतं.

तिचा थोरला भाऊ नगररचना कार्यालयात नकाशे काढायचा. कार्यालयात त्याला फूटपट्टी म्हणत, आणि हे आपलं कौतुकच आहे असं त्याला वाटे. तीस वर्षांत त्याने कुणाचा कपभर चहा घेतला नाही. चौदा वर्षांपूर्वी नव्या हमरस्त्याची रेघ त्याच्या टेबलावर आखली गेली आणि ती नेमकी आत्याच्या दोन खोल्यांवरून गेली. पुढच्या खोलीत चार मशीन होती, हाताखाली तीन बायका होत्या, तीन शाळांचे गणवेश तिथे शिवले जात. नवरा गेल्यावर तिने हे सगळं एकटीच्या हिमतीवर उभं केलं होतं. एका सकाळी पाडकामाचं यंत्र आलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं भुईसपाट झालं.

भावाने वरची खोली दिली. तिथे एकच मशीन मावलं. तेव्हापासून तिने कधीही विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं, दुसरी वाटच नव्हती. बाहेर मात्र त्याचा नुसता उदोउदो. माणूस असावा तर असा, सख्ख्या बहिणीचं घरसुद्धा सोडलं नाही! हे ऐकताना तो मान खाली घालून असा काही हसायचा, की आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिच्या पडक्या भिंतींवर उभा राहून हा माणूस मिरवत होता आणि ती त्याच्याच छपराखाली मूग गिळून बसली होती. खरंच दुसरी वाट नव्हती का, एवढंच तिला कळायला हवं होतं. नसेल, तर राग सोडायची तिची तयारी होती.

त्यात आता निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघाने पुढच्या रविवारी त्याचा सत्कार ठरवला होता, आणि बहिणीनेही दोन शब्द बोलावेत असा त्याचा हट्ट होता. कुठल्या तोंडाने तो हे सांगत होता, देव जाणे. तिने अजून हो म्हटलं नव्हतं, की नाही म्हटलं नव्हतं.

त्या दुपारी भाऊ, आत्या, सून आणि सुनेची मुलगी अशी चौघं खेळायला बसली. प्रत्येकाने आपापली घरं, शाळा, बागा चौकोनांत मांडायच्या. ज्याला हमरस्त्याचं कार्ड येईल, त्याने पटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रस्ता टाकायचा. वाट त्याने निवडायची, मधे येईल ते उचललं जाणार. आत्याने खिडकीकडच्या बाजूला ओळीने पाच घरं मांडली होती. नात बागांवर बागा लावत सुटली होती. कार्ड भावाला आलं.

त्याने चष्मा पुसला, पट्टीने आखल्यासारखे तुकडे लावत नेले आणि आत्याची पाचही घरं एकेक करून उचलून तिच्यापुढे ठेवली. सुनेने पटावर बोट ठेवलं. शेजारची अख्खी रांग रिकामी होती.

"बाबा, इकडून न्यायचा की. कुणाचंच काही गेलं नसतं."

"मग तुम्हीच म्हणाला असतात, बहिणीची बाजू घेतली म्हणून," तो म्हणाला. खेळातसुद्धा त्याला स्वतःच्या नावाला जपायचं होतं.

आत्याने ती पाच घरं मुठीत घेतली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"दादा, तिथेही होती का अशी रिकामी रांग?"

सुनेने मुलीला पाणी आणायला आत पिटाळलं.

"होती," तो शेवटी म्हणाला. "दुसरी रेघ मागच्या बंद गोदामातून जात होती. मीच आखली होती, मीच खोडली. गोदामवाला कोर्टात गेला असता, काम वर्षानुवर्षं रखडलं असतं. वर लोक म्हणाले असते, बहिणीला वाचवलं. आणि तू भांडणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

एवढं बोलून त्याने सुस्कारा सोडला. हलकं वाटलं असावं त्याला. आत्याला मात्र त्या क्षणी तो सुस्काराच सगळ्यात संतापजनक वाटला. चौदा वर्षं तिने त्याचा खोटेपणा नाइलाज असेल म्हणून सोसला होता, आणि त्याने तिच्या गरीब स्वभावाचा हिशेब करून रेघ मारली होती.

"येते मी सत्काराला," ती म्हणाली. "बोलतेही. दुसरी रेघ कुठून जात होती, एवढंच सांगते."

भावाचा चेहरा उतरला. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असं तो पुटपुटला.

"घर होतं तोवर घरातली होती."

त्याने लगेच संघाच्या सचिवांना फोन लावला. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजावरच असे, त्यामुळे पलीकडचं सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं. बरं वाटत नाही, डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय, सत्कार रद्दच करा, असं तो एका दमात बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला इतकं सरळ खोटं बोलताना सुनेने ऐकलं.

सचिव मोठे प्रेमळ. त्यांनी तब्येतीची चौकशी केली, काळजी घ्यायला सांगितलं, आणि म्हणाले, निमंत्रणपत्रिका वाटून झाल्यात, सभागृह मिळालंय, आता रद्द कसं करायचं? तुम्ही आराम करा. पत्रिकेत तुमच्या बहिणीचंही नाव आहे, त्या येणारच आहेत ना, मानपत्र त्यांच्याच हाती देऊ, त्यांच्या तोंडून चार शब्द ऐकू. त्यांच्याइतकं तुम्हाला कोण ओळखतं?

आत्याने हात पुढे करून भावाकडून फोन घेतला.

"मी त्यांची बहीणच बोलतेय," ती म्हणाली. "किती वाजता येऊ?"