त्सिउरीच्या कुशीतला जंतू

त्सिउरी आमच्या संस्थेत रस्सा उकळायची. माणसांसाठी नव्हे, जंतू वाढवायला. मी शेजारी काचसामान धुवायची, म्हणून तिची सगळी कहाणी मला ठाऊक.

देश फुटला, आमच्या तिबिलिसी शहरातली वीज गेली, फ्रीज बंद पडले, पगार थांबले, तेव्हा आमचे प्रोफेसरसाहेब जर्मनीला सटकले. जाताना त्सिउरीच्या हातात एक काचनळी देऊन म्हणाले, "हा जंतू जगवा. याच्यावरच आपलं औषध वाढतं." औषध म्हणजे जंतूंना खाणारा विषाणू. झालं! बाईने नळी उराशी धरली ती धरलीच.

अगदी खरोखरीच उराशी. जंतूला अंगाची ऊब लागते आणि घरात रॉकेल नाही. कधीमधी तिचा भाऊ खेड्यातून मांस पाठवायचा. त्याचा रस्सा जंतूला, उरलेला चोथा पोरीला. तमुना तेव्हा आठ वर्षांची. कुडकुडत आईजवळ सरकली की ही खेकसायची, "लांब हो, नळी फुटेल!"

मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, पोर आहे का सवत?"

"तुला काय कळतंय! दिवे येऊ देत. या नळीवर माझी नोकरी परत मिळेल, तमुनाला डॉक्टर करीन."

दर थोड्या दिवसांनी ती जंतू नव्या बशीत पेरायची. ठिपके उगवायचे ते लाळेसारखे चिकट, तार ओढावी तसे लांबणारे. तिला शिसारी यायची. मधेच एखादा कोरडा, नीटनेटका ठिपका दिसला की तोच उचलून पुढे वाढवायची. "बघ कसा स्वच्छ आहे," म्हणायची. संसारी बाईच ती.

शेवटी दिवे आले. नव्या साहेबीणबाई केतो यांनी नळी तपासायला घेतली. निकालाच्या दिवशी त्सिउरी ठेवणीतला कोट घालून गेली, तमुनाला आणि मला घेऊन.

"जंतू जिवंत आहे हो," केतोबाई म्हणाल्या, "पण औषधाचा विषाणू याला शिवत नाही. तो जंतूच्या अंगावरचं साखरेचं चिकट आवरण धरूनच आत शिरतो. ते आवरणच नाही."

"साखर बनवत नाही का मेला?"

"आत बनवतो. पण ती बाहेर आणायला त्याच्या कातडीत प्रथिनांची रांग असते, बादल्या हातोहात द्याव्यात तशी. त्या रांगेतलं एक प्रथिन बिघडलंय. साखर दारापर्यंत येते आणि तिथेच अडते. तुम्ही कोरडे ठिपके निवडलेत ना, ते हेच बिघडलेले."

"पण बिघडला तर मेला का नाही?"

"आवरण लागतं ते शरीरात, मारायला टपलेल्या पेशींपासून वाचायला. तुमच्याकडे त्याला भीती कसली? उलट ओझं टाकलेले भराभर वाढले."

मला साहेबांचा, त्या नळीचा, सगळ्यांचाच संताप आला.

तेवढ्यात तमुना म्हणाली, "तुझ्या कुशीत त्याला पांघरूण कशाला लागेल, आई? बाहेर तर मी होते."

केतोबाईंनी नळी उकळत्या पाण्यात टाकायला दिली. ती धुवायला माझ्याकडेच आली.

तमुना डॉक्टर झाली नाही. ग्रीसमध्ये कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळते, तिच्याच खोलीत झोपते. फोन करते ती मला. त्सिउरी माझ्या शेजारी बसून ऐकते.