वेणूबाईच्या हातचं माप

कृष्णात तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होता. मूळचा पाटणकडचा, अंगानं दणकट. आधी गोण्या वाहून झाल्यावर प्यायचा, पुढं पुढं पहिली गोणी उचलायलाही त्याला घोट लागायला लागला. त्र्याण्णव साली त्याची बायको वेणूबाई हिचा भाऊ धनाजी त्याला दारू सोडलेल्यांच्या बैठकीला घेऊन गेला. धनाजी स्वतः तिथंच सुटला होता. थेंबही तोंडात घ्यायचा नाही, एवढंच तिथलं सांगणं. कृष्णातनं शपथ घेतली आणि पाळलीही. पण दोन-तीन दिवसांत हात लटपटू लागले आणि भर बाजारात आकडी येऊन तो कोसळला.

कोपरखैरण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जिवावर बेततं. भरती होऊन औषधांवर सोडवावी लागते. कृष्णात भरती झाला आणि पळून आला. पुन्हा नेलं, पुन्हा पळाला. मग डॉक्टर म्हणाले, निदान कमी तरी करू. आधी जेवण, मग मोजून दारू, आणि बाटली दुसऱ्या कुणाच्या ताब्यात.

दुसरं कोण, वेणूबाईच. जिचा वासही तिला सोसत नव्हता, ती दारू ती रोज संध्याकाळी मापानं ओतू लागली. कृष्णात रस्त्यात पडायचा थांबला. कामावर जाऊ लागला, लेकीशी, मोनालीशी, चार शब्द बोलू लागला. माप निम्म्यावर आलं आणि तिथंच अडलं.

धनाजीनं येणं कमी केलं. एकदा दारातूनच म्हणाला, "आक्का, तू आपल्या हातानं दाजींना विष देतीस."

"तुला सोडाय जमलं," वेणूबाई म्हणाली. "ह्यांना जमंना. मग काय मरू देऊ?"

धनाजी तसाच माघारी फिरला.

गावाकडं आई आजारी पडली, तेव्हा शेजारच्या यशोदाबाईंकडं बाटलीच्या कपाटाची किल्ली देऊन वेणूबाई एका मुक्कामाला गेली. परतली तर कपाट फोडलेलं आणि कृष्णात गटारीच्या कडेला. त्यानंतर ती कुठं गेलीच नाही. आईच्या मातीलाही नाही.

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरांना विचारलं, हे संपणार कधी.

"कदाचित नाही संपणार, वेणूबाई. पण ते जिवंत आहेत."

"ते हायत," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या मापाआधी घर गाठायचं म्हणून उठली.