मेणाचा दोरा

तिला सगळे इस्त्री म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी कानावर पडायचं, तेव्हा तीच इकडेतिकडे बघायची, ही कोण बाई म्हणून. हाताला येईल ती वस्तू सपाट करून ठेवायची तिला खोडच होती. चादरी, पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, एवढंच काय, सासूबाईंची लोकरीची कानटोपीसुद्धा ती चार कोपरे जुळवून ठेवायला बघायची.

"अगं, टोपीला कोपरे नसतात," सासूबाई म्हणायच्या. "एक दिवस माझ्या डोक्याचीही घडी घालशील."

"तेवढं मोठं फडताळ नाही आपल्याकडे," ही तोंडातल्या तोंडात म्हणायची, आणि कानांनी अधू असलेल्या सासूबाईंना तेवढं मात्र लख्ख ऐकू जायचं.

लढाई सुरू झाली. नवरा फौजेचा ट्रक चालवायला सरहद्दीकडे गेला. घरात उरल्या सासू, सून आणि दोघींच्या मधोमध तो रेडिओ, ज्याच्या बातम्या दोघींनाही ऐकवत नव्हत्या आणि बंदही करवत नव्हता. अशात कळलं, की शहराबाहेरच्या लष्करी विमानतळावर बायका घेतायत. ही गेली. शिक्षण दुसरीपर्यंत, तेही रडतखडत. साहेबाने विचारलं, काय काय येतं? म्हणाली, "घडी घालता येते." तिला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. उठून तिला छत्रीघरात घेऊन गेला.

छत्रीघर म्हणजे पॅराशूटच्या घड्या घालायची शेड. लांबच लांब गुळगुळीत टेबलं, त्यावर अंथरलेलं पांढरंशुभ्र रेशीम, घडी हलू नये म्हणून ठेवायच्या शिशाच्या पिशव्या, आणि एका टोकाला उंच मनोरा, त्यात ओल्या छत्र्या दोरांवर टांगून वाळवायच्या. बायकांची नखं मुळापासून कापलेली. बोटात अंगठी नाही, उगाच रेशमाला अडकायची. मुकादमबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही पावसाची छत्री नव्हे. पावसाची उघडली नाही तर माणूस भिजतो. कळलं?" कळलं. तेव्हापासून डोक्यावरून विमान गेलं की तिला वाटायचं, आत बसलेल्या माणसाच्या पाठीवर आपले हात आहेत.

घडी घातलेली छत्री एका गाठोड्यात बसायची. गाठोड्यावर कापडाची झाकणं, एकावर एक, पिनांनी अडकवलेली. उडी मारणाऱ्याने कडी ओढली की पिना सुटायच्या, झाकणं फटकन उघडायची आणि रेशीम बाहेर झेपावायचं. टेबलावर दोन दोरे असत. एक कच्चा, बोटाने झटका दिला की तुटणारा. आत कुठे काही हलू नये म्हणून बारीकसा टाका घालायचा तो ह्याच दोऱ्याने, म्हणजे ओढ बसताच तो तुटतो. दुसरा मेण लावलेला, पक्का, छत्रीचे दोर शिवायचा. तो तोडायला कात्री लागायची, नाहीतर दात.

वर्षअखेरीच्या सुट्ट्या आल्या. सुट्टी कुणाला नव्हतीच, पण वरच्या कचेरीतून छापील कार्डं आली, विमानाचं चित्र आणि खाली "सणाच्या हार्दिक शुभेच्छा". बायकांनी त्यावर आपल्या हाताने ओळ-दोन ओळी लिहून गाठोड्याच्या बाहेरच्या खिशात सरकवायला सुरुवात केली. जो नेईल त्याला मिळेल. नियमात बसत नव्हतं, पण मुकादमबाई त्या वेळी हमखास खिडकीबाहेर बघत असायच्या.

इस्त्रीनेही लिहिलं, "सुखाने घरी ये." पण तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांचं लग्न. गाठोडी द्यायच्या खिडकीवरच्या माणसाने ते कार्ड सगळ्यांसमोर फडकावलं. तिथे एक जण उभा होता, त्याला सगळे पाठमोरा म्हणायचे. हा विमानात मागे तोंड करून बसायचा आणि बंदूक चालवायचा, म्हणून पाठमोरा. थोराड, हसरा.

"ताई, ही चिठ्ठी आहे की शत्रूच्या मुलखाचा नकाशा?" तो म्हणाला, आणि सगळे खो-खो हसले.

तीही हसली. आतून मात्र जळफळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कार्ड खिशात ठेवलंच नाही. वरच्या झाकणाखाली सरकवलं आणि घसरू नये म्हणून चार टाके घातले. आता वाचा म्हणावं मोठ्याने! गाठोडं गेलं खिडकीवर.

दुपारी बायका जेवायला बसल्या. इस्त्रीने पहिला घास तोंडात घातला आणि ती थांबली. जिभेवर कसलीतरी तेलकट चव होती. दाताच्या फटीत काहीतरी अडकलेलं. तिने नखाने काढायचा प्रयत्न केला, नख होतं कुठे! जिभेनेच चाचपलं.

मेण.

कच्च्या दोऱ्याला मेण नसतं. कच्चा दोरा दाताने तोडावा लागत नाही. आणि सकाळी तिने कार्ड शिवून दोरा दाताने तोडला होता. चार टाके, रागाने, दाबून घातलेले. सुई वरच्या झाकणातून आरपार खालच्या झाकणात गेल्याचं तिच्या बोटांना आता आठवत होतं. दोन झाकणं तिने एकमेकांना पक्की शिवून टाकली होती.

घास तसाच ठेवून ती धावली. खिडकीवरचा माणूस दात कोरत बसला होता.

"माझं सकाळचं गाठोडं?"

"ते होय? पाठमोऱ्याने नेलं. म्हणाला, आज चिठ्ठी नाही, ताई रुसल्या वाटतं. हे काय आत्ताच उडाले."

डोक्यावरून आवाज गेला. शेडचे पत्रे थरथरले आणि मग थांबले.

ती भिंतीला टेकली. पण डोकं, लबाड, भराभर चाललं होतं. कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. रोज काय सगळे उड्या मारतात? संध्याकाळी विमानं येतील, गाठोडं परत येईल, कात्रीने चार टाके कापले की संपलं. आणि सांगितलं तर? मागच्या महिन्यात एका मिस्त्रीकडून तेलाच्या टाकीचं झाकण सैल राहिलं होतं. दोन शिपाई आले, त्याला चहासुद्धा संपवू दिला नाही. घातपात म्हणाले. पुन्हा तो कुणाला दिसला नाही. आपल्याला नेलं तर सासूबाई एकट्या त्या रेडिओसमोर बसून राहतील. आणि नाही सांगितलं तर, आणि त्याने कडी ओढली तर... ती कडी तिने डोळ्यांसमोर ओढलेली पाहिली. एकदा, दोनदा, दोन्ही हातांनी.

ती मुकादमबाईंसमोर जाऊन उभी राहिली. कसंबसं सांगितलं. मुकादमबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"झाकणाखाली? शुभेच्छा?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तो वाचणार कधी होता गं, खाली पडताना?"

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि जवळजवळ ओढतच नियंत्रण कक्षाकडे नेलं. ही खाली खिडकीशी उभी, त्या वर. आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाला, आता काही करता येणार नाही. विमानं शत्रूच्या हद्दीकडे निघाली आहेत. इथून एक शब्द बोललो तर ती येतायत हे शत्रूला कळेल. एकाला सावध करायला सगळ्यांना उघडं पाडायचं का?

"मग?" मुकादमबाईंनी विचारलं.

"मग वाट बघायची. तिला हलू देऊ नका."

हलायचं कुठे? ती खिडकीखाली एका उपड्या खोक्यावर बसली. शेडमधल्या बायका एकेक करून दाराशी येऊन बघून गेल्या. एकीने पाणी आणून ठेवलं आणि जणू रोग लागेल अशी पटकन मागे सरली. धावपट्टीच्या कडेचं गवत वाऱ्याने वाकत होतं, उठत होतं. लांब कुठे ट्रक सुरू झाला तरी ती ताडकन उभी राहायची. तिने देवाला काही मागितलं नाही. मागायचं धाडस होईना. आपण तोंड उघडलं आणि काही भलतंच झालं तर, असं वाटायचं.

ऊन उतरू लागलं तेव्हा विमानं आली. एकामागून एक टेकली. मग बराच वेळ काही नाही. मग एक आवाज आला, पण तो धड नव्हता, दमेकऱ्याच्या छातीसारखा. धूर सोडत एक विमान शेतांवरून वर आलं. त्याचं एक चाक खाली लोंबत होतं, दुसरं बाहेरच आलं नव्हतं. असं विमान उतरवायचं म्हणजे आपटायचं. अशा वेळी उंची घ्यायची, उड्या मारायच्या आणि विमान सोडून द्यायचं, हे छत्रीघरातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

"पाठमोऱ्याचं ना ते?" वरून साहेबाचा आवाज आला, आणि कुणीतरी विमानाचा आकडा सांगितला. तेच होतं.

आता बोलायला हरकत नव्हती. साहेब यंत्रात बोलू लागला. त्याचा आवाज शाळामास्तरासारखा कोरडा होता. "वैमानिकाने उडी मारावी. मागच्याने मारू नये. पुन्हा सांगतो, मागच्याने मारू नये. त्याची छत्री उघडणार नाही."

खरखर. नुसती खरखर. इस्त्रीला वाटलं, आता आपलं काळीज इथेच बंद पडलं तर बरं. मग खरखरीतून वैमानिकाचा आवाज आला, चिडलेला, दमलेला. "आणि मी उतरून जाऊ? ह्याला एकट्याला ठेवून? विमान काय तो पाठमोरा बसून उतरवणार? आम्ही दोघंही येतोय. आगीची गाडी काढा."

विमानाने एक फेरी घेतली. ते खाली आलं, लोंबतं चाक जमिनीला लागलं आणि मोडलं, पंख घासत गेला, विमान गर्रकन फिरलं आणि नाक जमिनीत खुपसून थांबलं. धुळीत काही दिसेना. गाड्या धावल्या. मग धुळीतून एक थोराड माणूस बाहेर आला. दुसऱ्याला ओढून काढावं लागलं. त्याच्या ओरडण्याचा आवाज इथपर्यंत आला.

वैमानिकाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

त्या संध्याकाळी छत्रीघरात सगळ्यांसमोर ते गाठोडं टेबलावर ठेवलं. साहेब, मुकादमबाई, कपाळाला पट्टी बांधलेला पाठमोरा. मुकादमबाईंनी कडी ओढली. पिना सुटल्या. झाकणं किंचित फुगली आणि तशीच राहिली. पाठमोऱ्याने पुढे होऊन टेबलाला पाय लावून सर्व ताकदीनिशी झाकण ओढलं. कापड करकरलं. दोरा तुटला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला आणि तो खाली, तिथल्या तिथे, फरशीवर बसला.

चौकशी झाली. आपणहून सांगितलं म्हणून तुरुंग टळला. टेबलावरून मात्र काढलं आणि मनोऱ्यात ओल्या छत्र्यांचे दोर ओढायला लावलं. घरी सासूबाईंना तिने सगळं सांगितलं, मोठ्याने, कारण हळू सांगितलं तर पुन्हा सांगावं लागलं असतं. सासूबाईंनी रेडिओ बंद केला. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

"त्याला भेटायला जा," त्या म्हणाल्या.

"मला भीती वाटते."

"वाटणारच. जा."

दवाखान्यात वैमानिक छताकडे बघत पडला होता. ती कोण हे कळल्यावरही त्याने मान वळवली नाही. "तू बोललीस म्हणून तो वाचला," तो म्हणाला. "आणि तू शिवलंस म्हणून मी असा. तुझे आभार मानू की तुला शिव्या देऊ, ते अजून ठरलं नाही. ठरलं की कळवतो. आता जा." त्याने कधी काही कळवलं नाही.

नवं वर्ष लागलं. पाठमोऱ्याला नवा वैमानिक मिळाला. एका सकाळी तो शेडमध्ये येऊन उभा राहिला. "माझं गाठोडं तिने बांधायचं."

"डोक्याला जास्त लागलंय का तुमच्या?" मुकादमबाई म्हणाल्या.

"बाई, दुसऱ्या कुणी बांधलं तर वर बसून माझं एकच चालेल, हिने आत काही शिवलं तर नसेल? त्या एकीचं तरी मला ठाऊक आहे, ती आता बटणसुद्धा शिवायची नाही."

मनोऱ्यातून तिला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "नाही. माझे हात कापतात."

"कापू देत."

"मला जमणार नाही. दुसऱ्या कुणालाही सांगा. पाया पडते."

"ताई," तो म्हणाला, आणि ह्या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "घाबरलोय मी. तुमच्याइतकाच. बांधा."

ती टेबलाशी आली. रेशीम पसरलं, पट्ट्या जुळवल्या, शिशाच्या पिशव्या ठेवल्या. निम्म्यावर आल्यावर तिला वाटलं कुठेतरी चुकलं. सगळं सोडलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा सोडलं. बाहेर इंजिनं गरम होत होती. पाठमोरा भिंतीशी उभा, तिच्या बोटांकडे बघत. शेवटची पिन बसवताना ती पिन तिच्या हातातून दोनदा पडली. मग बसली. तिने झाकणांवरून तळवा फिरवला, उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

त्याने गाठोडं पाठीवर घेतलं, पट्टे आवळले आणि गेला. पत्रे थरथरले. आवाज शेतांकडे सरकला, बारीक झाला, मग नाहीसा झाला.

जेवायची वेळ झाली. बायका उठल्या. ती टेबलाशी उभीच होती, दोन्ही तळवे रिकाम्या लाकडावर टेकून, दाराकडे कान लावून. मुकादमबाईंनी नवं रेशीम आणून तिच्यासमोर टाकलं.

"घे. अजून सात जण जायचेत."

तिने कापडाचं टोक उचललं.