दोन राज्यांची रूपी

सकाळी साडेसातला ह्यांचा डबा भरत होते, तव्यावर शेवटची भाकरी होती, तेवढ्यात दार वाजलं. कडी नाही, तळहाताने दोनदा, चेंडू आपटावा तसं. असं दार फक्त रूपी वाजवते.

उघडलं तर ती चौकटीत मान वाकवून उभी. मागे पायरीखाली तिचा मामा रघ्या, चपला हातात.

"आत या की, मामा."

"मी हितंच बरा, बाय."

रूपीची नि माझी ओळख २०१४ची. तलासरीत आमच्या घरामागे मैदान आहे. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, त्यावर बास्केटबॉल येऊन पडला आणि पाठोपाठ ही. कुंपण चढून नव्हे, नुसता पाय पलीकडे टाकून! मी रागावले. तिने मुकाट्याने सगळ्या मिरच्या वेचल्या आणि त्याच हातांनी डोळे चोळले. माझा राग तिथेच संपला. तेव्हापासून तिचे अर्ज मीच लिहून देते.

तिचं घर जवळच्या उधवा गावात. बापाचं नाव लहान्या. आई-बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, म्हणून पोर सहाव्या वर्षापासून मामाकडे, सीमेपलीकडे गुजरातेत. तिथल्या शाळेत सिमेंटचं कोर्ट होतं. उंच पोरगी बघून सरांनी चेंडू हातात दिला, आणि दोन वर्षं ती गुजरातच्या शालेय संघातून खेळली. २०१४ला अकरावीसाठी घरी परत आली तशी आपल्या जिल्ह्याकडून खेळू लागली. २०१७मध्ये एका कारखान्याने त्यांच्या संघात पगारावर घेतलं. मैत्रिणी चिडवायच्या, "रूपे, गुजरातची न् आपली मॅच लागली तर कुठं उभी राहशील?"

"बास्केटखाली," ही म्हणायची.

यंदा, २०१९ला, महाराष्ट्राच्या महिला संघाच्या यादीत तिचं नाव लागलं. आठवडाभरात संघटनेचं पत्र आलं: गुजरातच्या नोंदीत बापाचं नाव रघ्या, इथल्या नोंदीत लहान्या. आठ दिवसांत प्रतिज्ञापत्र द्या, नाहीतर दोन्हीकडे खेळणं बंद. खेळ बंद म्हणजे कारखान्यातली नोकरीही गेली.

"मामा, हे झालं कसं?"

"शाळेत पोरीला मी नेली. मास्तर लिहीत होता, मी म्होरं उभा. अंगठा मागितला, दिला. बापाच्या जागी मना घातलाय, हे मना काय ठावं?"

"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," रूपी म्हणाली. "माझ्या. चौथीत दाखल्यावर वाचलं. राहू दिलं."

"का गं?"

"ताप आला की न्यायला तोच यायचा ना."

मामाने पायरीकडे बघितलं. चपला खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या.

कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याने मजकूर तयार करून दिला होता. मी मोठ्याने वाचला: "माझ्या मामाने खोटी माहिती देऊन मला शाळेत प्रवेश मिळवून दिला. त्याची मला कल्पना नव्हती." खाली सहीची जागा रिकामी. आज सहावा दिवस.

"कर की सही," मामा म्हणाला. "माझं काय जातंय? मी थोडाच खेळाय जाणार!"

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. गॅस बंद करून आले तर दोघं तशीच उभी.

"रूपे, याच्यावर सही केलीस तर काम लवकर होईल," मी म्हटलं. "खरं लिहिलंस तर विचारतील, माहीत होतं तर गप्प का बसलीस? यादीतून नावही काढतील कदाचित."

"विचारू देत."

टेबलावरचं पेन उचलून तिने माझ्या हातात दिलं.

"काकू, तो 'खोटी' शब्द काढा, 'कल्पना नव्हती' हेही काढा. मामाने मला शाळेत घातलं, असं लिहा."