प्रोग्राममध्ये नसलेली ओळ

आधीच सांगते, भूत-बीत, करणी-बिरणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. वडील पिंपरीत कारखान्यात फिटर होते, घर बौद्ध... आमच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा लागली नाही. तेव्हा कमेंटमध्ये मला कुणा महाराजांचा पत्ता देऊ नका, प्लीज.

मी कासारवाडीला राहते. कारखान्यातल्या मशीनचे कंट्रोल प्रोग्राम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर आमचा नवा प्रोग्राम टाकायला गेले होते. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली, शेडमध्ये लख्ख उजेड... म्हणजे भीतीदायक वातावरण वगैरे शून्य.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल. प्रोग्राम लिहिताना आम्ही मध्ये मध्ये 'असर्ट' टाकतो. असर्ट म्हणजे एक ओळ — ही गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर आहेस तिथेच थांब आणि स्क्रीनवर तसं सांग. ही टेस्टिंगपुरती सोय. मशीनवर जायचा फायनल प्रोग्राम बनवताना एक सेटिंग बदललं की सगळे असर्ट आपोआप गळून जातात. नुसते बंद होत नाहीत — त्यात उरतच नाहीत.

आता प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या त्या मशीनचं. तिला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहू नयेत. पण प्रॉडक्शन काढायच्या नादात ऑपरेटर एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवतात. सर्रास चालतं हे. दोन ठोक्यांच्या मध्ये बटण सोडलंच गेलं नाही तर प्रेस थांबवायची, ही तपासणी आमच्या ऑफिसातल्या स्वप्नीलने लिहिली होती. आणि त्या शहाण्याने ती लिहिली असर्टमध्ये! म्हणजे फायनलमध्ये ती गायब. मला तेव्हा याचा पत्ताच नव्हता.

ऑपरेटर होते बालाजीभाऊ, लातूरकडचे. मी पॅनलपाशी लॅपटॉप आवरत होते. त्यांनी एका बटणात पाचर मारलेली, पत्रा वाकडा बसला म्हणून डावा हात आत घातलेला... आणि हाताच्या सवयीने उजव्याने दुसरं बटण दाबलं.

प्रेसचा वरचा ठोकळा खाली आला आणि त्यांच्या हाताच्या बोटभर वर थांबला. पॅनलच्या स्क्रीनवर लाल अक्षरं — असर्ट फेल, बटण सोडलेलं नाही.

भाऊंनी हात बाहेर काढला आणि नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

स्वप्नीलला फोन लावला, तेव्हा कुठे हा असर्टचा घोळ कळला. तो म्हणाला, "तू चुकून टेस्टिंगचाच प्रोग्राम टाकलास. बरं झालं बाई!" मलाही हायसं वाटलं. मग मशीनमधला प्रोग्राम लॅपटॉपवर परत घेऊन पडताळला. फायनलच होता. स्क्रीनवरचं ते वाक्य त्यात शोधलं... नाहीच.

"परत करून बघ," स्वप्नील म्हणाला. पाचर तशीच ठेवली, हाताच्या जागी लाकडाचा तुकडा ठेवला आणि बटण दाबलं.

तुकड्याचा भुगा झाला. दुसरा ठेवला, त्याचंही तेच. प्रेस एकदाही थांबली नाही.

बालाजीभाऊ मटकन खाली बसले. मीही त्यांच्या शेजारी फरशीवरच टेकले.

आता ती तपासणी साध्या अटीत लिहिली आहे, ती गळत नाही. स्वप्नीलला मी मनसोक्त झापलं. ऑफिसात कुणी म्हणतं व्होल्टेज गेलं असेल. अहो, व्होल्टेज गेलं तर मशीन बंद पडेल, वाक्यं कशी लिहील?

पुढच्या खेपेला गेले तेव्हा बालाजीभाऊंनी लांबूनच हात जोडले.

"मला नका जोडू, भाऊ. त्या दिवशी त्या मशीनमध्ये तुम्हाला वाचवणारं आम्ही काहीच ठेवलं नव्हतं."

"मंग कुणाला जोडू, म्याडम? तुमीच सांगा की."