वंशावळीत आत्या नव्हती

बाबांच्या आतड्यातली गाठ निघाली तेव्हा मी तलासरीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. २०१७ साल. बाबा सेहेचाळीसचे, चिकूच्या झाडावर अजून स्वतः चढणारे. आधी नुसते थकायचे, मग रक्त कमी निघालं, मग लोहाच्या गोळ्या, मग दुर्बीण, मग मुंबईत ऑपरेशन. सगळं इतकं भराभर झालं की घाबरायला वेळच मिळाला नाही. घाबरले ते नंतर, बायोप्सीच्या रिपोर्टमधल्या शेवटच्या दोन ओळी वाचल्यावर.

गाठीच्या पेशींत चारपैकी दोन प्रोटीनं दिसत नाहीत, असं लिहिलेलं. डीएनएची नक्कल होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारी ही प्रोटीनं. मला माहीत होतं हे, नोट्समध्ये होतं, पाच मार्कांना! ते पाच मार्क बाबांच्या पोटात निघतील असं कुठे वाटलेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे नुसतं गाठीत बिघडलेलं असू शकतं, नाहीतर जन्मापासून सगळ्या अंगातच असू शकतं. अंगात असेल तर मुलांना यायची शक्यता निम्मी. बोलत होत्या बाबांशी, बघितलं माझ्याकडे. मी एकुलती एक आहे.

मग विचारलं, घरात आणखी कुणाला? आतड्याचा, पोटाचा, गर्भपिशवीचा?

मोठे काका सोबत होते. कुणालाच नाही, ते ठामपणे म्हणाले, आणि पुरावा म्हणून मोबाइलमधला फोटो उघडला. आमच्या देवघराशेजारी टांगलेली वंशावळ. सात पिढ्या, एक मोठं झाड, पानापानावर नाव. काका एकेका पानावर बोट ठेवून सांगत गेले, हे दम्यानं गेले, हे म्हातारपणानं, हे आमचे वडील, तिशीतच ताडावरून पडून गेले. मला एकदम हलकं वाटायला लागलं. बघा ना, कुणालाच नाही.

डॉक्टरबाईंनी फोटो मोठा केला, परत लहान केला. "यात बायका कुठे आहेत?"

"वंशावळीत बायका नसतात, मॅडम. मुली दिल्या घरी जातात."

"आणि आतडं माहेरी ठेवून जातात?"

कुणी हसलं नाही. मी मात्र फोटोत स्वतःचं नाव शोधत बसले. इतकी वर्षं त्या झाडाखाली नमस्कार करून परीक्षेला गेले, मी त्यावर नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

काकांनी तिथूनच चिंचणीला आत्याला फोन लावला. काही नाही रे, दादा, सगळं बरंय, ती म्हणाली. पण मी आठवीत असताना आत्या महिनाभर वलसाडला होती. पिशवी काढली, एवढंच आम्हाला सांगितलेलं. अर्ध्या गावातल्या बायकांची पिशवी काढलेली असते, का काढली ते कोण विचारतं?

रविवारी मी एकटीच चिंचणीला गेले. आत्या गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी थेटच विचारलं. तिनं आणखी चार पापड मांडले, मग म्हणाली, "कॅन्सरच होता."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"पोरगी लग्नाची होती, बाय. कोण उभं राहिलं असतं दारात?"

पापड उलटता उलटता मग तिनंच तिच्या आत्याचं सांगितलं, म्हणजे आजोबांच्या बहिणीचं. आशागडला दिलेली, चाळिशीच्या आत गेली. सासरचे म्हणायचे करणी आहे. पण पोटात गाठ होती, हाताला लागायची. "मला म्हणायची, हात लावून बघ, कसा दगड झालाय. मी लावलाय हात."

परतताना रिक्षातच वहीच्या मागच्या पानावर घराण्याचं नवं झाड काढलं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजारी असेल तर काळं करायचं. बाबा काळे, आत्या काळी, आशागडची आजी काळी. मधला आजोबांचा चौकोन तेवढा कोरा. ताडावरून पडले ना, गाठ व्हायला वेळच मिळाला नाही त्यांना. मग माझा गोल काढला आणि पेन हातात धरून नुसती बसले.

तो कागद बघून डॉक्टरबाईंनी बाबांचं रक्त डीएनए तपासायला पाठवलं. त्यांच्यात निघालं. मग माझं पाठवलं.

मेल आली तेव्हा मी प्रॅक्टिकल संपवून तलासरीच्या स्टँडवर उभी होते. पहिलं पान वाचलं, परत वाचलं, मग आईला नाही, आत्याला फोन लावला.

"आत्या, माझ्यात आहे."

पलीकडे कुकरचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बापाचं नाक घेतलंस, आता हे पण घेतलंस. दुसरं काही नव्हतं का घ्यायला?"

मला हसू आलं आणि रडूही. भडाभडा सांगत सुटले, की हे असणं म्हणजे आजार होणं नाही, दर एकदोन वर्षांनी दुर्बिणीनं बघायचं, लहान असतानाच सापडतं, काढून टाकता येतं. मग तिची मुलगी आठवली, सरावलीला दिलेली माझी ताई. तिची शक्यताही निम्मीच. सांगायला तर लागणारच होतं.

"आत्या, ताईचंही रक्त..."

"तिच्या सासरी कळेल."

"हो."

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"गॅस बंद करते आणि निघते," ती म्हणाली. "तू पण ये सरावलीला. माझं मी सांगेन, ते डीएनए बीएनए मला नाही सांगता यायचं."

सरावलीला जायला डहाणूची एसटी लागलेली होती. चढले.