दारात ओतलेला उकिरडा

"गाडी मागे घ्या. अजून मागे. हां, इथेच ओता."

ताईंनी हात वर केला आणि पाटलाच्या सालदारानं बैलगाडीचं मागचं फळकूट काढलं. अख्खा उकिरडा आमच्या अंगणात आला. कुजलेला कडबा, राख, सडकी वांगी, पोरांचं ढुंगण पुसलेल्या चिंध्या. माझ्या मायनं पहाटे उठून ते अंगण शेणानं सारवलं होतं. सारवण अजून ओलं होतं.

माय दारात आली. "हे काय जी, ताई?"

"थोड्या वेळाचा प्रश्न आहे, बाई. साहेब येऊन गेले की आमची मुलंच झाडून देतील."

सालदारानं मायकडे पाहिलं नाही. बैल वळवले आणि दुसरी खेप आणायला गेला.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या जामपासून कोसभर आमचं गाव. उन्हाळ्याच्या सुटीत तिथे तरुणांचं शिबिर भरलं. खेड्यातून पुढारी तयार करायचे, पोरापोरींना चारचौघांत बोलायला शिकवायचं, असं ते शिबिर. वर्ध्याहून, नालवाडीहून मास्तरांची, कारकुनांची मुलं-मुली आलेली. चालवणाऱ्या ताई वर्ध्याच्याच. खादीचं पातळ, गोड आवाज. महारवाड्यातून एक तरी पाहिजे म्हणून मला घेतलं. मी सातवी पास होते. आमच्या गल्लीत तेवढं शिकलेली दुसरी मुलगी नव्हती.

शिबिर संपताना एका मुलीची निवड होणार होती. तिला वर्ध्याला शिक्षणासाठी ठेवणार, मग गावात बालवाडीची मास्तरीण करणार. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझा विचार आहे माझ्या मनात." बाप नव्हता. माय लोकांच्या शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायची, तिच्या हाताच्या भेगा कधी भरल्याच नाहीत. ती नोकरी मला किती हवी होती, ते मी शब्दांत काय सांगू? मी देवाला नवस बोलत नव्हते एवढंच.

म्हणून मी पुष्कळ गिळलं. बाकीच्या मुली शाळेत झोपायच्या, तिथेच पंगतीला बसायच्या. मला ताई म्हणाल्या, "तुझं घर जवळच आहे, तू घरीच जेवून येत जा." सकाळच्या प्रार्थनेत सगळी माणसं एक, आणि जेवणाच्या वेळी माझं घर जवळ! मी घरी जाऊन भाकर खायची आणि पळत परत यायची.

बोलण्याचा वर्ग मात्र मला फार आवडायचा. पाय रोवून उभं राहायचं. मान वर. नजर शेवटच्या माणसावर. आवाज पोटातून. मी दोन दिवसांत उचललं. कारकुनाची एक मुलगी बोलता बोलता पदर पिळायची, तिला तो सोडायला मीच शिकवलं. मग माझी पाळी आली. मी उभी राहिले, मान वर केली.

ताई म्हणाल्या, "तू हात जोडून बोल. नजर खाली ठेव. तुझ्या बाबतीत ते जास्त शोभून दिसेल."

"काऊन?" मी विचारलं.

सगळे खो खो हसले. ताईही हसल्या.

शेवटच्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे शिबिरातल्या मुलांनी महारवाडा झाडून दाखवायचा आणि मग सभा. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या बाया गप्प बसतील का? रात्र सरायच्या आत उठल्या. अख्खी गल्ली झाडली, अंगणं सारवली, कडुलिंबाच्या पाराला पांढरी माती लावली. पाहुणा दारात येतो तर घर लखलखीत पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. सकाळी ताई झाडू घेतलेल्या मुलांना घेऊन आल्या आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"अरे, इथे तर काहीच नाही! आता साहेबांना दाखवायचं काय?"

पाटील सोबतच होता. मिशीत हसला. "कचऱ्याले काय तोटा हाय, ताई? आमच्या गोठ्यामांगं ढीग पडला. गाडी लावतो."

अशी गाडी आली. गावाची घाण आमच्या नावावर टाकायला पाटलाला कधीच मुहूर्त लागला नव्हता. पण उचलून आणून दारात ओतली, ती त्याच दिवशी. झाडणाऱ्या मुलांच्या टोळीची मी नायिका होते. हातात झाडू घेऊन उभी होते. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "भाषण पाठ आहे ना? आज तुझं सगळं ठरणार आहे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

भाषण ताईंनीच लिहून पाठ करून घेतलेलं. "आमची वस्ती घाणीने भरलेली होती. स्वच्छता म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते. या दादांनी आणि ताईंनी आमचे डोळे उघडले. आम्ही जन्मभर त्यांचे ऋणी राहू." मला पाण्यावर बोलायचं होतं. गावच्या विहिरीला आमचा हात लागत नव्हता. उन्हाळ्यात नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरावी लागायची. ताई म्हणाल्या होत्या, "आज तो विषय नको. वातावरण बिघडतं."

साहेबांची जीप आली. मुलांनी नाकाला रुमाल बांधले आणि झाडायला लागली. फोटोवाला होता. शेजारचं लहान पोरगं धुतलेला सदरा घालून उभं होतं. फोटोवाला म्हणाला, "याचा सदरा काढा. उघडाच बरा दिसेल." ताईंनी काढला. पोरगं रडायला लागलं, तेही फोटोवाल्याला बरंच वाटलं.

साहेब दयाळू माणूस. त्यांनी मायला जवळ बोलावलं, साबणाची वडी दिली आणि आपल्याच हातावर हात घासून दाखवलं. "असं चोळायचं. आजपासून रोज अंघोळ करायची बरं का."

माय पहाटे झिऱ्यावर जाऊन डोक्यावरून न्हाऊन आली होती. तिचे केस अजून वाळले नव्हते. ती म्हणाली, "हो जी."

त्या 'हो जी'नं माझ्या अंगाची आग आग झाली. मला साहेबाचा राग आला, ताईंचा आला, आणि सगळ्यात जास्त मायचा आला.

कडुलिंबाखाली सभा भरली. माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. हात जोडले नाहीत. पाय रोवले, मान वर केली, नजर शेवटच्या माणसावर ठेवली. शेवटी पाटील उभा होता.

"साहेब, हा कचरा आमचा नाई. सकाळी पाटलाच्या गोठ्यामांगून गाडीत भरून आणला. ताईंनी इथं ओतवला. तुमाले दाखवाले. माह्या मायनं पहाटे सारवलं होतं. कचऱ्याखाली सारवण ओलं हाय. पाय सरकवून पाहून घ्या."

कुणी हाललं नाही. साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मुलगी भांबावली आहे. सभेची सवय नाही."

"आन् पाण्याचं असं हाय, साहेब," मी पुढे बोलायला लागले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "छान! आवाज चांगला आहे हिचा," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. पाटलानंसुद्धा. टाळ्यांतच साहेब उठले, जीपकडे गेले. माझं पाण्याचं बोलणं तोंडातच राहिलं.

मी खोटं बोलले असं एकानंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मुलं तशीच निघून गेली. अर्धा उकिरडा अंगणात पडून होता. जाताना ताई म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी काय काय केलं आणि तू हे पांग फेडलेस?" निवड त्या पदर पिळणाऱ्या मुलीची झाली.

मला वाटलं होतं माय जवळ घेईल. नाही घेतलं. ती टोपलं आणि फावडं घेऊन उकिरडा भरत होती. मी हात लावायला गेले तर माझा हात झटकला. "गप राह्यली असती तं मास्तरीण झाली असती. तुले बोलाचं होतं, बोलली. आता खाजो तेच बोलणं."

दुसऱ्या दिवसापासून पाटलानं तिचं काम बंद केलं. पेरणीलाही आम्हा दोघींना गावात कुणी बोलावलं नाही. आम्ही परगावी राबायला जाऊ लागलो. माय कित्येक महिने माझ्याशी नीट बोलली नाही. ती चुकीची नव्हती. मीही नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात ताई परत आल्या. नवं शिबिर, आमच्यातली एक मुलगी हवी. मला पाहून म्हणाल्या, "अजून राग गेला नाही का तुझा?"

"नाई," मी म्हणाले. "मुलगीबी भेटणार नाई."

त्या गेल्या, आणि त्याच आठवड्यात मी गल्लीतल्या पोरींना पारावर बसवायला सुरुवात केली. शेतावरून आलं की बसायचं. एकेकीनं उभं राहून सांगायचं, आज आपल्याशी कोण कसं वागलं. नावानिशी सांगायचं. भीतीनं नाव गाळलं तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या पहिल्यांदा रडायच्या. मी रडू द्यायची, पण बसू द्यायची नाही.

त्यांना मी गोड बोलणं शिकवत नाही, आभार मानणं तर मुळीच नाही. पुढचा साहेब टाळ्या वाजवत उठायला लागला, की आमच्यातल्या पोरीनं त्याला सांगायचं, "खाली बसा. माहं बोलणं संपलं नाई."